लास व्हेगसहून आरव्हीने ग्रँड कॅन्यन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे आकडे एक नेहमीचा बेत धरून दिले आहेत : भाड्याने घेतलेली २५ फुटी क्लास सी आरव्ही (आत झोपायची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय असलेली घरगाडी; क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असलेली), चार माणसं (त्यात बहुधा भारतातून आलेले आई-बाबा), सुरुवात आणि शेवट लास व्हेगसला, दोन किंवा तीन रात्री कॅन्यनच्या काठावर. तुमची गाडी मोठी असेल तर मुक्कामाच्या जागेबद्दलचं उत्तर आधी वाचा.

ग्रँड कॅन्यनला जायचं म्हणजे नेमकं कुठे?

हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारायचा असतो, पण बरेच जण नंतर विचारतात. दक्षिण काठ, म्हणजे साउथ रिम, हा नॅशनल पार्कचा वर्षभर उघडा असणारा भाग. फोटोत दिसतो तो बहुतेक हाच. व्हेगसपासून सुमारे २८० मैल, म्हणजे ४५० किलोमीटर. उत्तर काठ समोर दिसतो, पण गाडीने तिथे पोचायला २१० मैलांचा वळसा आहे. तो भाग हिवाळ्यात बंद असतो आणि जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्रावो वणव्यात तिथला जुना लॉज जळून गेला.

काचेचा स्कायवॉक यांपैकी कुठेच नाही. तो ‘ग्रँड कॅन्यन वेस्ट’ला, हुआलापाई जमातीच्या जमिनीवर आहे. २००७ मध्ये सुरू झाला. त्याचं तिकीट वेगळं, नॅशनल पार्कचा पास तिथे चालत नाही आणि दक्षिण काठापासून तो चार-पाच तासांवर आहे. ‘दुपारी स्कायवॉक, संध्याकाळी साउथ रिम’ हा बेत आरव्हीने होत नाही. दोन्ही हवंच असेल तर स्कायवॉक व्हेगसहून वेगळ्या दिवशी, साध्या गाडीने करा.

आरव्ही घ्यावी की साधी गाडी आणि हॉटेल?

पैसे वाचतील म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. रात्रीचं भाडं, मैलामागे पैसे, जनरेटरचे तास, भांड्यांचा संच, अंथरूण-पांघरूण, विमा, पेट्रोल आणि कॅम्पसाइटचं भाडं एकत्र केलं की दोन खोल्यांच्या मोटेलपेक्षा आकडा क्वचितच कमी येतो. आरव्हीचा खरा फायदा दुसरा आहे. काठापासून चालत जाण्याच्या अंतरावर झोपता येतं, पहाटे चहा करून सूर्योदयाला जाता येतं, दुपारी आई-बाबांना आडवं होता येतं आणि वरणभात घरचा मिळतो. ज्यांना दर पॉइंटवर गाडीतूनच जायचं आहे त्यांनी मात्र साधी गाडीच घ्यावी. काठावर आरव्ही एकदा लावली की निघायच्या दिवसापर्यंत ती हलवायची नसते. हे पटत असेल तरच पुढे वाचा.

किती फुटी घ्यावी?

चार जणांना २५ फुटी क्लास सी पुरते. तीस फुटांच्या वर जाऊ नका, कारण पार्कातल्या मॅदर कॅम्पग्राउंडची मर्यादाच तीस फूट आहे. जाहिरातीत ‘सहा जण झोपू शकतात’ असं असतं, तेव्हा त्यात ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बिछाना आणि जेवणाचं टेबल पाडून होणारा बिछाना दोन्ही धरलेले असतात. वरच्या बिछान्यावर शिडीने चढावं लागतं आणि तिथे उठून बसता येत नाही. गुडघेदुखी असलेल्या आजी-आजोबांना मागची कायमची खाट द्या.

झोपायच्या जागा आणि पट्टे असलेल्या बसायच्या जागा हे दोन वेगळे आकडे आहेत. पट्टे मोजा. लहान मुलाची कार सीट पुढे तोंड असलेल्या, पट्टा असलेल्या जागेवरच बसते; आडव्या सोफ्यावर नाही. गाडी चालू असताना कोणी उठून चहा टाकायला जायचं नाही, वरच्या बिछान्यावर झोपायचंही नाही.

लायसन्स कुठलं लागतं?

अमेरिकेतलं साधं गाडीचं लायसन्स चालतं, वेगळी परीक्षा नाही. भारतातून येणाऱ्याने मूळ लायसन्सबरोबर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणावा. तो एक वर्ष चालतो आणि भारतातूनच काढावा लागतो. वयाची किमान अट कंपनीगणिक वेगळी असते. दुसरा ड्रायव्हर असेल तर त्याचं नाव करारात घातलंच पाहिजे, नाहीतर तो चालवत असताना झालेल्या अपघाताला विमा लागू होत नाही. तुमच्या गाडीचा नेहमीचा विमा आरव्हीला लागू पडतोच असं नाही. छत आणि गाडीचं पोट यांचं नुकसान बऱ्याचदा विम्यातून वगळलेलं असतं, आणि नवखे नेमकं छतच घासतात.

छत घासतं कसं?

एसी धरून गाडीची उंची साधारण १२ फूट असते. ड्राइव्ह-थ्रू, हॉटेलची पोर्च, जुन्या पेट्रोल पंपाचं छप्पर, कॅम्पसाइटमधली झाडाची आडवी फांदी, यांतलं काहीही पुरेसं आहे. करारातली अचूक उंची कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. पार्किंगच्या इमारतीत शिरायचंच नाही.

छतापेक्षा जास्त वेळा घासतो तो मागचा कोपरा. मागच्या चाकांच्या मागे गाडीचा बराच भाग अधांतरी असतो. पंपावरून निघताना तुम्ही स्टिअरिंग पूर्ण डावीकडे मारलं की तो भाग उजवीकडे झुलतो आणि पंपाशेजारच्या पिवळ्या खांबाला लागतो. म्हणून मागची चाकं पंप ओलांडेपर्यंत सरळ जा, मग वळा. रिव्हर्स घेताना एक माणूस खाली उतरून, ड्रायव्हरच्या आरशात दिसेल अशा जागी उभा राहिलाच पाहिजे. आरशात तो दिसेनासा झाला की थांबा.

कुठल्या महिन्यात जावं?

एप्रिलचा शेवट ते जूनची सुरुवात, किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. काठ समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फुटांवर आहे, महाबळेश्वरपेक्षा बराच उंच. जुलैत दुपारी साधारण २९ अंश असतं आणि रात्री स्वेटर लागतो. त्याच वेळी तळाशी, नदीकाठी ४० च्या वर पारा जातो. जुलैच्या मध्यापासून दुपारी वादळी पाऊस येतो. विजा चमकू लागल्या की रेलिंगपासून लांब व्हा.

हिवाळ्यात गर्दी नसते आणि बर्फातला कॅन्यन अप्रतिम दिसतो, पण रात्री पारा शून्याच्या बराच खाली जातो आणि भाड्याच्या आरव्हीतले पाइप गोठू शकतात. पहिलीच आरव्ही सहल असेल तर डिसेंबर-जानेवारी टाळा.

मुक्कामाची जागा कुठे आणि कधी बुक करायची?

पार्कच्या आत, काठावरच्या ग्रँड कॅन्यन गावाजवळ दोन जागा आहेत.

मॅदर कॅम्पग्राउंड : झाडीत, शांत, स्वस्त. वीज, पाणी, सांडपाण्याची जोडणी नाही. तीस फुटांची मर्यादा. बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि उन्हाळ्यातल्या तारखा लगेच जातात.

ट्रेलर व्हिलेज : शेजारीच. वीज, पाणी, सांडपाणी तिन्ही जोडण्या, पन्नास फुटांपर्यंतच्या गाड्या, रिव्हर्स न घेता सरळ आत शिरून सरळ बाहेर पडता येणाऱ्या जागा. महाग आणि गाड्या खेटून.

आई-बाबा बरोबर असतील आणि पहिलीच वेळ असेल, तर ट्रेलर व्हिलेजचे जादा पैसे द्या. कडाक्याच्या थंडीत किंवा रात्री श्वसनाचं यंत्र लागणाऱ्या माणसाबरोबर तर दुसरा विचारच नको. पूर्वेला २५ मैलांवर डेझर्ट व्ह्यू कॅम्पग्राउंड आहे. तेही तीस फुटांचं, जोडणीविना आणि हिवाळ्यात बंद.

आत जागा मिळाली नाही तर पार्कच्या दारातल्या टूसेयान गावात खासगी कॅम्पग्राउंड आहे, नाहीतर ६० मैल खाली विल्यम्सला. कायबॅब राष्ट्रीय वनात ठरावीक कच्च्या रस्त्यांलगत फुकट राहता येतं, पण तिथे पाणी, संडास, कचरापेटी काही नाही, आणि भाड्याच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुधा मनाई असते.

रस्ता कुठला, आणि खरंच किती तास लागतात?

व्हेगसहून यूएस ९३ ने दक्षिणेला, हूवर धरणाशेजारच्या २०१० मध्ये सुरू झालेल्या उंच पुलावरून किंगमन. तिथून आय-४० ने पूर्वेला विल्यम्स. विल्यम्सहून एझी-६४ ने सरळ उत्तरेला ६० मैल. नकाशा साडेचार तास सांगतो. आरव्हीला सहा धरा, जेवण धरून सात. धरण बघायचं असेल तर जुन्या रस्त्याने जावं लागतं. तिथे आरव्ही तपासून आत सोडतात आणि तो रस्ता आता पलीकडे जात नाही, म्हणजे परत फिरून पुलावर यावं लागतं.

गाडी ताब्यात घ्यायची वेळ बहुधा दुपारची असते, वर कागदपत्रं आणि गाडीची माहिती यात दोन तास जातात. त्या दिवशी कॅन्यन गाठायचा हट्ट धरू नका. किंगमन किंवा विल्यम्सला झोपा. विल्यम्सनंतरच्या रस्त्यावर दिवे नाहीत आणि तिन्हीसांजेला एल्क आडवे येतात. एल्क म्हणजे घोड्याएवढं हरीण; ते गाडीला धडकलं तर दोघंही वाचण्याची खात्री नाही.

घड्याळाचंही एक. अ‍ॅरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. उन्हाळ्यात व्हेगस आणि कॅन्यनची वेळ एकच असते, हिवाळ्यात कॅन्यन एक तास पुढे. वाटेत पूर्वेकडच्या नावाहो प्रदेशात शिरलात तर ते मात्र घड्याळ पुढे करतात आणि फोन आपोआप वेळ बदलतो.

चढावर गाडी धापा टाकते. काही बिघडलंय का?

बहुधा नाही. व्हेगस २,००० फुटांवर, किंगमन ३,३०० च्या आसपास, विल्यम्स पावणेसात हजारांवर. भरलेली आरव्ही पाच-सहा टनांची असते आणि विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी होते. किंगमननंतर आणि अ‍ॅश फोर्कनंतरच्या चढावर गाडी खालचा गिअर टाकून ४,००० च्या वर फेऱ्यांनी ओरडते. हा आवाज ठीक आहे. उजव्या लेनमध्ये राहा, मागची रांग जाऊ द्या, तापमानाचा काटा बघा. तो वर सरकला तर एसी बंद करा आणि जागा बघून थांबा.

उतारावर टो-हॉलचं बटण दाबा, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. ब्रेकवर पाय ठेवून उतरलात तर ब्रेक तापून जळका वास येतो, आणि त्यानंतर ते लागेनासे होतात. आय-४० वर वेगमर्यादा ७५ मैल असली तरी तुमची ६० ते ६५. आडवा वारा जोरात असेल तर ५५.

टायरमधली हवा सकाळी गाडी निघण्याआधी, थंड असताना मोजा. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं असतात. आतलं चाक बसलं तरी बाहेरून दिसत नाही, म्हणून मोजायला आळस करू नका.

पेट्रोल किती लागेल?

गॅलनला ८ ते १० मैल, म्हणजे लिटरला जेमतेम चार किलोमीटर. एका बाजूच्या २८० मैलांना २८ ते ३५ गॅलन. टाकी साधारण ५५ गॅलनची असते. किंगमन किंवा विल्यम्सला भरून घ्या. टूसेयानला महाग आहे, आणि कॅन्यन गावात पंप नाही, आतला एकमेव पंप डेझर्ट व्ह्यूला. भारतातलं कार्ड पंपावर पिन कोडच्या जागी अडतं, तेव्हा आत जाऊन आधी पैसे भरा. आणि अमेरिकेत ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल. स्वयंपाकाचा तो ‘प्रोपेन’. फोनवर मदत मागताना हा गोंधळ हमखास होतो.

प्रवेश फी किती? भारतातून आलेल्या पाहुण्यांना वेगळी आहे का?

एका खासगी गाडीला ३५ डॉलर, सात दिवसांसाठी. अमेरिकेत राहणाऱ्यांचा वार्षिक पास ८० डॉलरचा. १ जानेवारी २०२६ पासून मात्र अमेरिकेत न राहणाऱ्या, १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला ग्रँड कॅन्यनसह ११ पार्कांत माणशी १०० डॉलर जादा पडतात. त्यांच्यासाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा यात येतात. त्यांच्यासाठी पास परवडतो की जादा फी, आणि एका पासात गाडीतल्या कोणाकोणाचा समावेश होतो, हे पास घेतानाच्या पानावर वाचून ठरवा. रहिवासी पास घेणाऱ्याने अमेरिकी सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावं.

आत गेल्यावर फिरायचं कसं?

शटलने. फुकट आहे, तिकीट नाही. निळी बस गावात, नारिंगी पूर्वेकडच्या पॉइंटांना, लाल हर्मिट रोडवर. १ मार्च ते ३० नोव्हेंबर हर्मिट रोडवर खासगी गाड्यांना बंदी असते. याकी पॉइंट आणि साउथ कायबॅबची वाट जिथे सुरू होते तिथे तर वर्षभर. मॅदर आणि ट्रेलर व्हिलेज दोन्हीकडून निळी बस मिळते.

एक दिवसासाठीच आलेले असाल तर व्हिजिटर सेंटरच्या पहिल्या पार्किंगमध्ये, नाहीतर बॅककंट्री कार्यालयाजवळच्या ‘डी’ पार्किंगमध्ये आरव्हीच्या लांब जागा आहेत. उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत पोचा. त्यानंतर साध्या गाड्या त्या लांब जागांत शिरून बसलेल्या असतात.

वीजजोडणी नसेल तर रात्र कशी काढायची?

एसीशिवाय. उन्हाळ्यातही रात्री १० ते १२ अंश असतं, खिडकी उघडली की झालं. जनरेटर मॅदरला सकाळी आणि संध्याकाळी ठरावीक दोन-दोन तासच चालवू देतात. त्या वेळात फोन, लॅपटॉप आणि मुख्य म्हणजे आरव्हीतले दिवे-पंप चालवणारी बॅटरी चार्ज करा.

अडचण येते ती थंड रात्री. हीटर प्रोपेनवर चालतो हे खरं, पण त्याचा पंखा बॅटरीवर. पंखा सात-आठ अँपिअर खातो. दहा तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला तर सदतीस-अडतीस अँपिअर-तास गेले. शंभर अँपिअर-तासांच्या साध्या बॅटरीतून वापरण्याजोगे पन्नास मिळतात, त्यात दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिजचं सर्किट आलं. मग पहाटे चारला पंखा मंदावतो, हीटर बंद पडतो आणि जमिनीलगतचा गॅस-अलार्म टीं टीं करू लागतो. गॅस गळतोय असं वाटून लोक कुडकुडत बाहेर उभे राहतात. थांबून थांबून एक छोटी टीं येत असेल तर सहसा बॅटरी उतरलेली असते. सलग, जोरात वाजला तर गळती समजा, सगळ्यांना बाहेर काढा आणि प्रोपेनची मुख्य चावी बंद करा. उपाय म्हणजे हीटर १३-१४ अंशांवर ठेवा आणि जाड रजया न्या.

जनरेटर सुरूच होत नाही, ही दुसरी तक्रार. तो गाडीच्याच टाकीतलं पेट्रोल घेतो, आणि टाकी पाव भागाच्या खाली गेली की त्याला पेट्रोल मिळत नाही. मुद्दामच तशी रचना असते, जंगलात गाडी कोरडी पडू नये म्हणून. शिवाय सात हजार फुटांवर ४,००० वॅटचा जनरेटर तीन हजारांच्या आसपासच देतो. एसी आणि मायक्रोवेव्ह एकदम लावू नका.

वीजजोडणी आहे, तरी फ्यूज उडतो. का?

तीस अँपिअर गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॅट, बस्स. एसी १,५००, विजेवर ठेवलेला गिझर १,४००, मायक्रोवेव्ह १,५००. यांतली दोन चालू असताना तिसरं, किंवा इन्स्टंट पॉट, इंडक्शन लावलं की अंधार. गिझर प्रोपेनवर टाका आणि भात होईपर्यंत एसी बंद ठेवा. खाली पडलेलं ब्रेकरचं बटण आत, सहसा खाटेच्या किंवा फ्रिजच्या खालच्या झाकणामागे असतं. ते ठीक असेल तर बाहेरच्या खांबावरचं बघा.

पाणी किती न्यायचं?

टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. जपून वापरलं तर चौघांना दोन दिवस. अंघोळ आरव्हीत करू नका. मॅदरच्या दाराशी पैसे टाकून चालणारे शॉवर आणि कपडे धुण्याची यंत्रं आहेत.

निघण्याआधी पार्कच्या पानावर पाण्याची स्थिती बघा. दक्षिण काठाचं सगळं पाणी उत्तर बाजूच्या रोअरिंग स्प्रिंग्ज झऱ्यातून, दरी ओलांडून येणाऱ्या साडेबारा मैलांच्या जलवाहिनीतून येतं. ती १९६० च्या दशकात बांधायला घेतलेली, आयुष्य संपलेली. २०१० पासून ८५ हून जास्त वेळा मोठी फुटली आहे. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी फुटली तेव्हा काठावरची हॉटेलं काही दिवस मुक्कामाला बंद ठेवावी लागली, आणि कॅम्पग्राउंडचे नळही कोरडे होते. नवी वाहिनी घालायचं काम सुरू आहे. तोवर शहाणपण एवढंच की टाकी विल्यम्सलाच भरून घ्या. वजन दीडशे किलोनं वाढेल, वाढू द्या. आरव्हीच त्या दिवसांत खरी उपयोगी पडते.

सांडपाणी आणि मैला कसा रिकामा करायचा?

दोन टाक्या असतात. ‘ब्लॅक’मध्ये संडास, ‘ग्रे’मध्ये सिंक आणि शॉवर. क्रम कधी चुकवू नका :

१. हातमोजे घाला. गाडी डंप स्टेशनच्या (टाक्या रिकाम्या करायच्या जागेच्या) भोकाजवळ, गाडीचा आउटलेट त्या बाजूला येईल अशी लावा.
२. टोपण काढण्याआधी दोन्ही चाव्या बंद आहेत ना बघा. आधीच्या भाडेकरूने ब्लॅकची चावी अर्धवट ठेवली असेल तर टोपणाबरोबर सगळं तुमच्या बुटांवर येतं.
३. नळी गाडीला फिरवून घट्ट बसवा, ओढून बघा. दुसरं टोक भोकात घालून त्यावर दगड किंवा पाय.
४. आधी ब्लॅक. चावी झटक्यात पूर्ण उघडा. आवाज थांबला की बंद.
५. मग ग्रे. साबणाचं पाणी नळीतली घाण धुऊन नेतं. उलटा क्रम केलात तर घाण नळी तशीच डिकीत जाते.
६. नळी काढा, तिथल्या धुण्याच्या नळाने धुवा. तो नळ पिण्याचा नाही. त्यावर बाटल्या भरू नका.
७. ब्लॅक टाकीत दोन-तीन गॅलन पाणी आणि रसायनाची पुडी टाका.

टाकी दोन-तृतीयांश भरल्याशिवाय सोडू नका, पाण्याला जोर लागतो. ट्रेलर व्हिलेजला सांडपाण्याची जोडणी आहे म्हणून ब्लॅकची चावी उघडीच ठेवणं ही सर्वांत महाग चूक : पाणी वाहून जातं, घट्ट भाग तळाशी साचून त्याचा डोंगर होतो, आणि तो फोडायचे पैसे तुमच्या ठेवीतून कापले जातात.

मॅदरजवळचं डंप स्टेशन थंडीत बंद असतं.

संडासात पाणी वापरलं तर चालतं का?

चालतं, आणि टाकीला ते बरंच असतं. कागदाने जेवढं तुंबतं तेवढं पाण्याने नाही. माणशी अर्धा लिटर, दिवसातून चार वेळा, चौघं, म्हणजे दिवसाला आठ लिटर. तीस गॅलनच्या टाकीला दोन-तीन दिवस काहीच वाटत नाही. पाण्याचा मग घरून न्या, तिथे मिळणार नाही. कागद वापरणार असाल तर आरव्हीचा पटकन विरघळणारा घ्या. ओले वाइप्स अजिबात नाही, पाकिटावर ‘फ्लश करता येतं’ लिहिलं असलं तरी.

फोडणी दिली की अलार्म वाजतो.

वाजणारच. सुक्या मिरचीची फोडणी आणि तीन पावलांवर धुराचा अलार्म. आधी छतावरचा पंखा बाहेर हवा फेकणाऱ्या दिशेने लावा, स्वयंपाकाजवळची खिडकी बोटभर उघडा, मग तेल तापवा. अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका. उत्तम उपाय, फोडण्या घरून करून न्या : तयार फोडणीची छोटी बाटली, भाजणी, दशम्या, गोडा मसाला, मेतकूट. हळद-तेलाची ताटं सिंकमध्ये धुण्याआधी कागदाने पुसा, नाहीतर ग्रे टाकीत तेलाचा थर बसून तिसऱ्या दिवशी सिंकमधून वास येतो. किराणा व्हेगसलाच भरा; कॅन्यन गावात दुकान चांगलं आहे, पण तिथे तूरडाळ शोधू नका.

डाळ शिजत का नाही?

सात हजार फुटांवर पाणी ९३ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभरातही गळत नाही. कुकर लागतोच, आणि त्यातही आतलं तापमान मुंबई-पुण्यापेक्षा तीन-चार अंश कमी राहतं, म्हणून नेहमीपेक्षा दोन शिट्ट्या जास्त. डाळ दुपारी भिजत टाकून भटकायला जा. आरव्हीच्या शेगडीचा जाळ लहान असतो. पाच लिटरचा कुकर दोन बर्नर अडवतो, तीन लिटरचा न्या.

फ्रिज गार होत नाही.

बऱ्याच भाड्याच्या गाड्यांत प्रोपेनवर चालणारा फ्रिज असतो. तो गार व्हायला आठ-दहा तास घेतो आणि गाडी तिरकी उभी असेल तर नीट चालतच नाही, दीर्घकाळ तसा चालवला तर कायमचा बिघडतो. कॅम्पसाइटवर पोचल्यावर ओट्यावर पेल्यात पाणी ठेवून गाडी किती कललीय बघा आणि खालच्या चाकांखाली प्लास्टिकच्या विटा ठेवून त्यावर गाडी चढवा. जोडचाकांपैकी दोन्ही चाकं विटांवर हवीत. आई-बाबांचं इन्सुलिन असेल तर आत थर्मामीटर ठेवा. मागच्या पत्र्याला चिकटून ठेवलेली औषधं गोठतात.

आई-बाबांना घेऊन दरीत उतरावं का?

काठावरून सपाट, फरसबंद रिम ट्रेल आहे, तो पुरे. यावापाई संग्रहालयापासून गावाकडे जाणाऱ्या भागाला ‘ट्रेल ऑफ टाइम’ म्हणतात. त्यात एक मीटर म्हणजे दहा लाख वर्षं, आणि वाटेत त्या त्या वयाचे दगड हात लावून बघायला ठेवले आहेत. काठावरचा कायबॅब चुनखडक २७ कोटी वर्षांचा, तळाचा विष्णू शिस्ट पावणेदोन अब्जांच्या आसपास. हे थर पाहून सह्याद्रीचे कडे आठवतात खरे, पण आपल्याकडचे थर लाव्ह्याचे, इथले बहुतेक समुद्र, वाळू आणि चिखल यांचे.

विष्णू, ब्रह्मा आणि शिव यांच्या नावांची ‘टेंपल’ म्हणजे देवळं नव्हेत, दरीतली सुटी शिखरं आहेत. १८८० च्या सुमारास भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन यांनी ही नावं द्यायची पद्धत पाडली. बाबा दर्शनाला कुठून उतरायचं विचारतील, तर लांबूनच हात जोडायचे.

तरुणांना उतरायचं असेल तर साउथ कायबॅबने ऊ-आ पॉइंटपर्यंत, जाऊन-येऊन १.८ मैल, आणि परत येताना ७५० फुटांहून जास्त चढ. त्या वाटेवर पाणी नाही. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा. फक्त पाणी पीत राहू नका, खारे शेंगदाणे किंवा चिवडा खात राहा. मीठ कमी पडून चक्कर येणारे तिथे दर उन्हाळ्यात सापडतात. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत यायचं नाही, हे रेंजर सांगतात ते गंमत म्हणून नाही.

परतताना झायनवरून (युटातल्या नॅशनल पार्कवरून) येता येईल का?

डेझर्ट व्ह्यूवरून कॅमरन, पेज, कनॅब असं निघालात तर मोह होतोच. डेझर्ट व्ह्यूला मेरी कोल्टर यांनी १९३२ मध्ये उभारलेला सत्तर फुटी मनोरा बघा. तिथून कॅमरनचा उतार तीन हजार फुटांचा आहे, टो-हॉल विसरू नका. पण झायनच्या पूर्व दारातून आरव्ही नेऊ नका. तिथला बोगदा १९३० चा. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाड्यांसाठी पूर्वी पैसे भरून वाहतूक थांबवत. २०२६ च्या मध्यापासून अशा गाड्यांना तो रस्ताच बंद करायचं ठरलं आहे. २५ फुटी क्लास सी दोन्ही मापांत नापास होते. कनॅबहून एझी-३८९ ने हरिकेनला जा आणि झायनला दक्षिणेच्या दारातून शिरा.

रोज निघताना काय तपासायचं?

पायरी आत, छताच्या झडपा बंद, ऑनिंग (गाडीबाहेरचं कापडी छप्पर) गुंडाळलेलं, सरकती भिंत आत, वीज आणि पाण्याची नळी सोडलेली, कपाटांच्या कड्या लागलेल्या, ओट्यावर काही नाही, प्रोपेनची चावी बंद. एकाने तपासायचं, दुसऱ्याने गाडीभोवती चक्कर मारून पुन्हा तपासायचं. फ्रिजच्या दाराची कडी विसरली तर पहिल्या वळणावर दह्याचा डबा फरशीवर.

गाडी परत करताना पैसे कशाचे कापतात?

टाक्या भरलेल्या असणं, पेट्रोल कमी असणं, करारापेक्षा जास्त मैल आणि जनरेटरचे तास, उशीर, आणि आत मसाल्याचा वास. घेताना छतासकट चारी बाजूंचा व्हिडिओ काढा, मैल आणि जनरेटरच्या मीटरचा फोटो घ्या. शेवटचं डंपिंग आदल्या रात्रीच्या कॅम्पग्राउंडलाच करा. परत करायच्या सकाळी व्हेगसमध्ये डंप स्टेशन शोधत हिंडलात की अकराची वेळ चुकते. शेवटच्या दिवशी कांदा चिरू नका.